पहिला मान अक्काचा

थंडी पडली की आमच्या जळगावच्या माणसांना आपण हिमालयाच्या पायथ्याशी राहतो असं वाटायला लागतं. वैशाखात इथे डांबर चपलेला चिकटतं, दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. आणि तीच माणसं पौषात माकडटोप्या घालून चौकात उभी राहतात, तोंडातून वाफ काढून दाखवतात आणि "काल काय पडली होती!" असं एकमेकांना सांगतात. सांगण्याचा थाट असा, की थंडी यांनीच पाडली. मग शेकोट्या, मग मळ्यातल्या भरिताची आमंत्रणं, मग कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा तो वास सगळ्या गल्लीत. मला तो वास फार आवडतो. फक्त त्याच्या पाठोपाठ दरवर्षी मला काच फुटल्याचा आवाज ऐकू येतो, आणि त्याला आता माझा इलाज नाही.

यंदा थंडीबरोबर हर्षलचा निरोपही आला. हर्षल माझ्या चुलतभावाचा मुलगा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने एक जुनी व्हॅन घेतली आहे, आत पलंग, ओटा, दिवे असं सगळं बसवलं आहे, आणि तिला तो कॅम्पर म्हणतो. उत्तरेकडे बर्फात जायचं म्हणून आता तो तिच्यासाठी गॅसचा हीटर तयार करतो आहे. विकत मिळतो, पण विकत घेणाऱ्याला डोकं नसतं अशी आमच्या घराण्याची जुनी समजूत आहे. घरच्या ग्रुपवर त्याने फोटो टाकला: पत्र्याची पेटी, पुढे जाळी, वर उचलायला कडी. खाली लगेच अंगठे उगवले. कुणीतरी लिहिलं, 'नानांचं रक्त!' दुसऱ्याने लिहिलं, 'आजोबांचं अपुरं स्वप्न नातू पुरं करणार.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अपुरं स्वप्न म्हणे. ते अपुरं राहिलं म्हणून तर आमच्या घरातली एक बाई पुढे कितीतरी वर्षं जगली.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हर्षलचे आजोबा. असोद्याला आमच्या केळीच्या बागा, आणि जळगावच्या वाटेवर केळी पिकवायच्या खोल्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नाना केळीवाल्यांच्या एका घोळक्याबरोबर परदेशी अभ्यासदौऱ्याला गेले. झाडाला थेंबाथेंबाने पाणी कसं देतात ते बघायला गेले होते, पण ते बाजूलाच राहिलं. तिथे त्यांना एक गाडी दिसली, तिच्यात एक म्हातारं जोडपं राहत होतं. तेवढं बघून नाना परत आले. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

"तठी मान्सं गाडीतच झोपतात," ओट्यावर बसून ते सांगत. "गाडीतच सैपाक, गाडीतच आंघोय. बाहेर बर्फ पडू रायला, अन् आत मान्सं उघड्या अंगानं बसेल! आपुन काय कमी हाये का?"

ओट्यावर बसलेल्या कुणालाच आपण कशात कमी आहोत असं वाटलं नाही. ही आमच्या गावची खरी अडचण होती.

केळी वाहणारी जुनी मेटाडोर मागच्या अंगणात आणली गेली. तिच्या पोटात दोन बाकडी, एक फळी, पडदे, आणि एका बाजूला खिडकी. खिडकीची काच देवांच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून बसवून घेतली होती. गाडीचं नाव ठरलं 'फिरता बंगला'. फाल्गुनाच्या आत या बंगल्यातून कुलू-मनालीला जायचं, बर्फ बघायचं. कोण कोण जाणार याच्या चर्चा रोज रंगत. नाना, नानांचे मित्र, रांधायला काकू. माझे वडील आबा जाणारच होते, कारण आबांचं आयुष्यभराचं काम म्हणजे नानांच्या वाक्याला 'बरोबर' असं म्हणणं. आणि बंगला झाला की त्यात थंडी वाजून चालणार नाही, म्हणून हीटर. तोही उचलून कुठेही ठेवता आला पाहिजे, कारण त्या म्हाताऱ्या जोडप्याचा तसा होता.

त्यासाठी धुळ्याहून भगवान मिस्तरी आला. लग्नातल्या आचाऱ्यांसाठी गॅसच्या भट्ट्या बनवणारा माणूस. पन्नास माणसांचा वरणभात ज्या जाळावर शिजतो त्या जाळाने चार माणसं नक्की गरम होतील, असा त्याचा हिशेब होता. तो आला तो थेट घरात शिरला आणि आमचा गॅसचा सिलिंडर उचलून अंगणात घेऊन गेला. तो सिलिंडर वाट बघून बघून नुकताच घरात आला होता. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. नानांच्या शोधापायी त्या हिवाळाभर आई आणि काकू पुन्हा चुलीशी बसल्या, डोळे चोळत. अंगणात माणसं विज्ञान करत होती.

हीटर असा होता. तेलाचा मोठा डबा आडवा कापलेला, आत आचाऱ्याच्या भट्टीचा बर्नर, पुढे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वर कडी. कडी होती म्हणून तो 'पोर्टेबल'. हा शब्द नानांनी परदेशातून आणला होता, आणि हमालांपैकी दोघं तो डबा दोन बाजूंनी धरून कण्हत चालायचे तेव्हा नाना तो मोठ्याने म्हणायचे. मागे लोखंडी पाइप होता, तो वर जाऊन गाडीच्या टपातून बाहेर निघायचा. भगवान मिस्तरीने तो काही शहाणपणाने लावला नव्हता. भट्टीला पाइप असतो, म्हणून लावला. पण निदान तो होता.

नानांनी पाइपाला हात लावून बघितला. पाइप गरम होता.

"म्हंजे ऊब बाहेर चालली ना!" ते म्हणाले. "गॅस आपला, अन् गरम व्हईन गाव?"

"बरोबर," आबा म्हणाले.

पाइप काढला. टपावरचं भोक पत्रा ठोकून बुजवलं. त्या पाइपावर पुढे माझ्या आत्याने, अक्काने, वालाचा वेल चढवला, आणि त्या सगळ्या उपद्व्यापातली तेवढीच एक गोष्ट कुणाच्या तरी उपयोगी पडली. दुसऱ्या बैठकीत कुणीतरी दाराखालच्या फटीकडे बोट दाखवलं, तिथे सायकलच्या ट्यूबा चिकटवल्या. तिसऱ्या बैठकीत पुढची केबिन आणि मागचा भाग यांच्यामधली फट सापडली, ती गोणपाट कोंबून भरली. जी सुधारणा व्हायची ती एखादी वाट बंद करण्याची. आणि दर सुधारणेनंतर चहा. भगवान मिस्तरी हात पुसत सांगायचा, "बठ्ठं पॅक शे नाना. आते मुंगीले बी वाट नही." नाना खूश व्हायचे.

आता मी ही माणसं अडाणी होती असं म्हणाले, तर त्यांची सुटका केल्यासारखं होईल. ती अडाणी नव्हती. त्यांना सगळं माहीत होतं, आणि माझ्या तिरस्काराचं मूळ तिथेच आहे.

कारण आमचा धंदाच तो. हिरवी केळी पिकवायची खोली म्हणजे आमच्याकडे भट्टी. खोलीत केळीच्या पानांवर घड उभे रचायचे, कोपऱ्यात धुमसता विस्तव ठेवायचा, दार लावून घ्यायचं आणि दाराच्या फटी शेणमातीने लिंपून टाकायच्या. ऊब आत, धूर आत, हवा बाहेर. केळी पिवळी होतात. आणि दार फोडलं की काय करायचं, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: आत पाऊल टाकायचं नाही. दार सताड उघडं ठेवून लांब उभं राहायचं. मग काठीला कंदील बांधून आत धरायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. एकदा एक हमाल घाईने आत शिरला म्हणून नानांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली होती. "मराचं हाये का तुले?" असं ओरडले होते. म्हणजे बंद खोलीत जाळ ठेवला की माणूस मरतो, हे नानांच्या हाताला माहीत होतं, तोंडाला माहीत होतं. फक्त खोलीला चाकं लावली आणि तिचं नाव बंगला ठेवलं, की ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मग प्रश्न आला, आत झोपून बघणार कोण.

घरात नवी गादी आली की तिच्यावर आधी नाना बसत. नवा आंबा आधी नाना चाखत. बाजारातून नवं घोंगडं आलं तर ते आधी नानांच्या खांद्यावर. पण दूध नासलंय का, तेलाला खवट वास येतोय का, गाय लाथ मारते का, असले प्रश्न आले की हाक अक्काला. अक्का नाना-आबांची बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिला घरात काम सगळीकडे होतं, जागा कुठेच नव्हती. तिची वळकटी दिवसा कोठीच्या फळीवर असायची, रात्री जिथे कुणी झोपलेलं नसेल तिथे पसरायची. मनालीला जाणाऱ्यांत तिचं नाव नव्हतं. ते असावं असं तिलाही कधी वाटलं नसेल.

"अक्काले झोपाडू," नाना म्हणाले. आणि लगेच, आपण फार उदार आहोत अशा सुरात, "पहिला मान अक्काचा!"

"बरोबर," आबा म्हणाले.

अक्का परकर-पोलक्यातल्या पोरीसारखी हसली. "मले काय," ती म्हणाली, "मी कुठी बी झोपते." तिला खरंच मान वाटला होता. हे आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

उद्घाटनाचा दिवस पौषातला. थंडी सकाळीच खरी असते म्हणून सकाळची वेळ. सोसायटीचे चेअरमन फीत कापायला येणार होते. त्यांनी फीत कापायची, दार उघडायचं, आणि आतून ऊब घेऊन अक्का हसत बाहेर यायची, अशी नानांची योजना. मेटाडोरच्या दारावर आडवी लाल फीत बांधली. एका ताटात कात्री, कुंकू, अक्षता. ताट धरून आबा. पाहुण्यांसाठी भरीत होतं, त्यामुळे मागच्या बाजूला काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. उघड्यावर, आभाळाखाली, धूर हवा तिकडे जात होता. आई वांगी सोलून लाकडी बडगीत टाकत होती आणि मुसळीने ठेचत होती.

उजाडताना अक्काने अंगणात सडा घातला, गायीचं दूध काढलं, आणि मग गोधडी काखेत मारून गाडीत चढली. आधी तिने हीटरला नमस्कार केला. भगवान मिस्तरीने तो पेटवला. निळ्या ज्योती फरफरल्या, माणसांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी दार लोटलं आणि अगदी सवयीने, भट्टीच्या हमालाला देतात तशी हाक दिली:

"लिंप रे!"

आणि हमालाने लिंपलं. घमेल्यात शेणमाती कालवून दाराची कड न् कड त्याने हाताने बुजवली, बोटाने सारखी केली, आणि हात धुवायला गेला. तिथे पंधरावीस बाप्ये उभे होते. सगळ्यांचा जन्म केळीत गेलेला. एकाच्याही मनात आलं नाही की हे आपण काय बघतो आहोत. उलट एकाने लिंपण बघून मान डोलावली. काम साफ होतं.

चेअरमन येईनात. "फाटक पडलं असंन," एकजण म्हणाला. असोद्याच्या वाटेवरच्या रेल्वेफाटकावर आमच्या गावाने आजवर इतक्या उशिरांचं खापर फोडलं आहे की ते फाटक नसतं तर आमच्या माणसांना बहाणा उरला नसता. चहा झाला. परदेशातल्या म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट पुन्हा झाली. ऊन केळीच्या शेंड्यांवर आलं. दुसरा चहा झाला.

मी तेव्हा बारावीला होते. चहाचे कप गोळा करत मी खिडकीशी गेले आणि काचेला नाक लावलं. आत काचेवर ओल आली होती. बाकड्यावर अक्का गोधडी घेऊन पडली होती, तोंड किंचित उघडं, गाल लाल. हीटरच्या ज्योती आता निळ्या नव्हत्या. पिवळ्या, लांब, आळसटलेल्या होत्या.

"अक्का झोपली आहे," मी म्हणाले.

"पाह्यलं का!" नाना सगळ्यांकडे वळून म्हणाले. "ऊब लागली की झोप लागतेच."

"जाळ पिवळा झालाय, नाना."

"पिवळा म्हंजे जास्ती गरम."

दोघंचौघं येऊन काचेतून बघून गेले. "गालावर काय लाली आली बाईच्या," एक म्हणाला. मी काचेवर थाप मारली. अक्का हलली नाही. पुन्हा मारली. अक्का, जिला उभ्या आयुष्यात सूर्याने झोपलेलं बघितलं नव्हतं, जी मांजराच्या पावलाने जागी व्हायची, ती काचेवरच्या थापेने हलली नाही. मी दाराकडे धावले. नाना दारापुढे हात पसरून उभे राहिले. मला मारायला नव्हे, रागाने नव्हे. नुसते काळजीने.

"फीत!" ते म्हणाले. "चेअरमन येऊ दे ना. आतेच येतीन."

मी मागे पळत गेले आणि आईला सांगितलं. माझी आई म्हणजे आबांची बायको, नानांची धाकटी भावजय. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. डोक्यावरून पदर ओढायचा, आणि बोलायचंच असलं तर भिंतीशी किंवा पोरांशी बोलायचं, जेठाने ते ऐकून घ्यायचं. मी बोलायला शिकल्यापासून आईचं नानांशी सगळं बोलणं माझ्यामार्फत झालं होतं. 'ए बाई, सांग तुह्या नानाले, पान वाढलं.' त्यापलीकडे त्या दोघांत एक शब्द नव्हता.

आईने माझं ऐकलं. हातातली मुसळी तिने खालीसुद्धा ठेवली नाही. ती पुढच्या अंगणात आली, बाप्यांच्या मधून चालत. वाट करून द्यायचंही कुणाला सुचलं नाही, तिने ती करून घेतली. ती दाराकडे गेलीच नाही. सरळ खिडकीशी गेली आणि भरीत लागलेली मुसळी तिने काचेवर घातली. तसबिरीची काच ती, एका घावात खाली आली. आतून जी हवा बाहेर आली ती तिच्या तोंडावर आली, आणि तिने पदराने तोंड पुसलं. तो पदर मग परत डोक्यावर गेला नाही.

"नाना," ती म्हणाली, "अक्का केयाचा घड नाही."

आमच्याकडे केळ्याला केयं म्हणतात. मग ज्याने दार लिंपलं होतं तो हमालच आधी धावला, त्याच्यामागून आबा, आणि दोघांनी नखांनी शेणमाती ओरबाडून दार ओढलं. अक्काला बाहेर काढताना मी जे बघितलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय नानांचं चित्र पुरं होत नाही. दारावर ती लाल फीत आडवी होती. नानांनी ती तुटू नये म्हणून दोन्ही हातांनी वर उचलून धरली, आणि त्या फितीखालून त्यांच्या सख्ख्या बहिणीला वाकून बाहेर आणावं लागलं.

बाजेवर घालून, तोंडावर पाणी मारून, तळपाय घासत राहिलो तेव्हा अक्काने डोळे उघडले आणि ती भडभडून ओकली. जीपमध्ये घालून तिला जळगावला डॉक्टरकडे नेलं. आई बरोबर होती, मी होते. नाना नव्हते. आमची जीप निघाली आणि समोरून चेअरमन आले. फीत शाबूत होतीच. ती कापली गेली. गाडीचं दार उघडं, खिडकी फुटकी, आणि आत कुणी नाही. फोटोही काढला. तो पुष्कळ वर्षं नानांच्या बैठकीत लावलेला होता. फोटोत आबा ताट धरून उभे आहेत आणि हसत आहेत.

दोन दिवसांनी अक्का अंगणात उन्हाला बसली होती. डोकं फडक्याने आवळलेलं. गावातल्या बायका येऊन येऊन विचारत होत्या, आत काय वाटलं, भीती वाटली का, जीव घाबरा झाला का. अक्का त्यांना काही सांगेना. सगळ्या गेल्यावर मी एकटी होते, तेव्हा म्हणाली:

"भेव कायचं, बाई? सुस्ती आली, अन् मले वाटलं, आज कोनी हाक मारू नाही रायलं. लय बरं वाटलं."

मी त्या दिवशी तिच्याजवळ बसून रडले. आज लिहितानाही मला त्या घराचा राग येतो. मरण आणि विसावा यांतला फरक ओळखू येईल, इतकाही विसावा त्या बाईला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

नाना म्हणाल तर नाना तसेच राहिले. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आमच्या बैठकीत बसूनच कुणीतरी केली असावी. "डिझाइन बरोबर होतं," ते अखेरपर्यंत सांगायचे. "बायांनी काच फोडली, नाहीतर मनाली झालं असतं." भगवान मिस्तरी धुळ्याला निघून गेला. जाताना सांगून गेला, "मन्ह काम पॅक व्हतं." सिलिंडर स्वयंपाकघरात परत आला. आबा काही दिवस 'बरोबर' म्हणेनासे झाले होते, पण आंब्याचा मोहर यायच्या आत त्यांना पुन्हा जमायला लागलं. आईने मात्र पुन्हा जेठापुढे पदर घेतला नाही. जे सांगायचं ते सरळ सांगायची. नाना उत्तर भिंतीला द्यायचे.

आणि मेटाडोर अक्काने घेतली. घेतली म्हणजे काय, एका सकाळी तिची वळकटी कोठीच्या फळीवर नव्हती. ती मेटाडोरमधल्या बाकड्यावर होती, शेजारी तिचा तांब्या, तिची पेटी. नाना ओरडले. गाडी विकायची आहे म्हणाले, गिऱ्हाईक येणार आहे म्हणाले, बाईमाणूस अंगणात झोपलं तर लोक काय म्हणतील म्हणाले. अक्काने ऐकून घेतलं.

"पहिला मान माह्या होता ना?" ती म्हणाली. "मंग आता माह्याच राहू दे."

चाकांतली हवा गेली, टपावर वालाचा वेल पसरला. अक्का तिथे राहिली. हाक मारली तर ऐकू येत नाही म्हणायची, आणि खिडकी तर सताड उघडी असायची. त्या खिडकीला काच मात्र तिने कधी बसवू दिली नाही. पौषात तिच्यातून बोचरा वारा आत यायचा, पहाटे गोधडीवर दव असायचं, चिमण्या येऊन बसायच्या. आम्ही म्हणायचो, अक्का, निदान गोणपाट तरी लाव. ती नको म्हणायची. थंडी वाजते ते बरं, कळतं तरी, म्हणायची. तिला पिकलं म्हातारपण आलं. गेली तीही उन्हाळ्यात, दुपारी, दार उघडं टाकून.

आज हर्षलचा वेगळा निरोप आला, ग्रुपवर नव्हे, फक्त मला. मी लग्न केलं नाही, नोकरी संपली, जळगावात एकटी राहते. घरात कुणाचं बाळंतपण असलं, कुणाला दवाखान्यात सोबत लागली, कुणाचं बंद घर उघडून बघायचं असलं, की सगळ्यांना मी आठवते. त्याने लिहिलं होतं: 'आत्या, तू रिकामीच असतेस ना? हीटर तयार होतोय. आम्ही निघायच्या आधी तू एक रात्र व्हॅनमध्ये झोपून बघ आणि कसं वाटतं सांग. पहिला मान तुझा!'

हे शब्द त्याला कुणी शिकवले नसणार. ते रक्तातच असतात.

मी हीटरचा फोटो मोठा करून बघितला. पेटी, जाळी, कडी. पाइप कुठेच नव्हता. मी विचारलं, पाइप कुठे आहे? पोराचं उत्तर लगेच आलं, बरोबर हसरा चेहरा: 'पाइप लावला तर हीट बाहेर जाते ना, आत्या! आणि व्हॅन एकदम पॅक केलीय.'

मी लिहिलं, येते. तुमच्यापैकी कुणी तिच्यात झोपायच्या आधी येते, आणि मुसळी घेऊन येते.

'मुसळी म्हणजे?' त्याने विचारलं.

ते लिहून कळायचं नाही. आईची मुसळी मी माळ्यावरून काढली, धुतली आणि पिशवीत भरली. उद्याची गाडी आहे. पोचल्यावर आधी व्हॅनला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघणार आहे, चहा मग घेईन.